मणक्याच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनासाठी निधी उभारताना: आधी यादी, मग नाट्यगृह

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या तुमच्या मित्राला दुचाकीच्या अपघातात मणक्याला मार लागला आणि कमरेखालची हालचाल गेली. पुनर्वसन केंद्रात राहून तो आता आपलं आपण करू लागलाय, दुकानातही बसतो. त्या केंद्रासाठी तुमच्या मित्रमंडळाला मोठ्या हॉटेलात ‘चॅरिटी गाला’ करायचा आहे: तीनशे पाहुणे, माणशी पाच हजारांचा पास, एक नामवंत कलाकार, जेवण, आणि शेवटी रंगमंचावर पंचवीस व्हीलचेअरचं वाटप. हातात सात महिने आहेत. सुरुवात कुठून करावी आणि काय टाळावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी पुनर्वसनाच्या क्षेत्रात वैद्यकीय समाजसेविका आहे आणि केंद्रासाठी निधी उभा करणं हा बरीच वर्षं माझ्या कामाचा भाग आहे. तुमच्या आराखड्यात सगळ्यात आधी बदलायला हवं ते व्हीलचेअरचं वाटप. पैसे कशासाठी मागायचे हे तुम्ही त्या एका दृश्यावरून ठरवलंत आणि मग बाकीचा कार्यक्रम त्याभोवती रचलात. हा क्रम उलटा करा. कशासाठी मागायचं हे नीट ठरलं की जागा, तिकीट, पाहुणे, भाषणं हे सगळं त्यामागून सोपं होत जातं.

व्हीलचेअर वाटू नका, असं मी का म्हणते? केंद्रात नवीन माणूस आला की ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारी तज्ज्ञ, त्याला कडक बाकावर बसवून टेप लावते. नितंबांची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची, खांद्याच्या फळीपर्यंतची उंची. मग उशी किती जाड लागेल ते बघून खुर्चीचं माप ठरतं. माणूस खुर्चीत बसल्यावर ती उशीखाली तळहात वर करून हात सरकवते आणि बैठकीचं हाड तळाला टेकतंय का ते चाचपते. मध्ये बोटाच्या जाडीएवढा तरी थर राहायला हवा. दुकानातून घाऊक आणलेली घडीची खुर्ची बहुतेक वेळा अठरा इंची असते. बारीक अंगाचा, चौदा इंची बैठकीचा मुलगा तिच्यात एका बाजूला कलून बसतो. वर्षभरात पाठीचा कणा वाकतो, एकाच हाडावर वजन येऊन तिथे जखम होते आणि एवढी रुंद खुर्ची त्याच्या घरच्या न्हाणीघराच्या दारातून जातही नाही. तरी वाटपाचा फोटो सुंदर येतो, म्हणून दर वर्षी वाटप होत राहतं. खुर्च्या द्यायच्याच असतील तर मापाने बनवून द्या. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेल्या ‘निओफ्लाय’सारख्या, वापरणाऱ्याच्या मापाने जुळवता येणाऱ्या भारतीय खुर्च्या आता मिळतात. मात्र त्या माणसाच्या हाती केंद्रात पडल्या पाहिजेत, थेरपिस्टच्या देखत, वापरायचं शिकवून.

मज्जारज्जूला, म्हणजे मणक्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या जुडग्याला, इजा झालेल्या माणसाच्या जिवावर बेततं ते बहुधा हालचाल गेल्यामुळे नव्हे. संवेदना गेलेल्या भागावर दाब पडून जखमा होतात, त्या हाडापर्यंत जातात. मूत्राशय नीट रिकामं होत नाही, जंतुसंसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या दोन गोष्टींनीच असे रुग्ण थोड्या काळात दगावत. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 साली विभाग सुरू केला. तिथे त्यांनी ठाम धरला तो आग्रह अगदी साध्या गोष्टींचा होता: दर दोन तासांनी कूस बदलायची, मूत्राशयाची काटेकोर काळजी घ्यायची, आणि माणसाला कामाला आणि खेळाला लावायचं. 29 जुलै 1948 रोजी त्यांनी तिथे व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकांच्या स्पर्धा भरवल्या आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आज केंद्रात शिकवलं जातं त्याचा गाभा तोच आहे. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून किंवा पुढे-बाजूला झुकून दाब हलका करायचा. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. रात्री आरशात पाहून त्वचा तपासायची.

हे सगळं अंगवळणी पडायला महिने लागतात आणि नेमक्या त्याच महिन्यांसाठी पैसे नसतात. शस्त्रक्रियेला महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारखा आधार मिळू शकतो. उपकरणांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. पण टाके निघाल्यावर माणूस घरी जातो तेव्हा त्याच्या हातात डिस्चार्ज कार्ड असतं आणि पुढे काय, ते कुणी शिकवलेलं नसतं. घरात कमावता तोच असतो. बायको शेतमजुरी सोडून त्याच्याजवळ बसते. चार-सहा महिन्यांनी तो आमच्याकडे येतो तो माकडहाडावर मुठीएवढी जखम घेऊन, आणि ती भरेपर्यंत पुनर्वसन सुरूही करता येत नाही. तुमचा कार्यक्रम याच पोकळीसाठी व्हावा, असं मी मनापासून सांगते.

म्हणून पहिलं काम: केंद्रात जाऊन यादी मागा. ‘काय हवंय?’ असं मोघम विचारलंत तर इमारत, लिफ्ट, यंत्रं अशी उत्तरं येतील. त्याऐवजी विचारा, गेल्या वर्षी पैशांअभावी किती जण अर्ध्यातून घरी गेले? त्यांना आणखी किती महिने राहायला हवं होतं? एका माणसाचा एका महिन्याचा सगळा खर्च किती येतो? दाब विभागणारी चांगली उशी केवढ्याला येते आणि किती वर्षं टिकते? नळ्या महिन्याला किती लागतात? घरी भेट द्यायला थेरपिस्ट आणि समाजसेवक गेले तर एका फेरीचा खर्च काय? घरात बदल करायला सरासरी किती लागतात? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. आपल्याकडे उंबरठा उंच, न्हाणीघराचं दार अडीच फुटांहूनही अरुंद आणि संडास अंगणापलीकडे. केंद्रात सगळं स्वतः करणारा माणूस घरी गेल्यावर पुन्हा खाटेला खिळतो तो या दारामुळे. एक गवंडी, दोन-तीन दिवसांचं काम, थोडं सिमेंट आणि भिंतीला पकडायच्या दांड्या, एवढ्यात त्याचं आयुष्य बदलतं.

या यादीला किंमत लागली की तुमच्या हाती देणगीच्या पायऱ्या येतात. कुणी एक उशी देईल, कुणी एका माणसाचा एक महिना, कुणी एक घर, एखादा उद्योजक गृहभेटींचं अख्खं वर्ष. देणगीदाराला आपला पैसा कुठे गेला ते डोळ्यांसमोर दिसतं, आणि केंद्राला नेमका हवा तिथे तो मिळतो.

आता हॉटेलचा हिशेब करू. समजा तीनशेच्या तीनशे पास खपले, पंधरा लाख आले. ताट, हॉल आणि कर मिळून माणशी अडीच हजार धरले तरी साडेसात लाख गेले. कलाकाराचं मानधन, ध्वनी, प्रकाश, सजावट, छपाई याला चार लाख. उरले साडेतीन लाख, तेही सगळे पास विकले गेले तर. प्रत्यक्षात साठ-सत्तर पास ‘आपल्याच माणसां’ना द्यावे लागतात. माझा दंडक असा आहे की एक रुपया उभा करायला वीस-पंचवीस पैशांहून जास्त खर्च होत असेल तर कार्यक्रमाचा आराखडा बदलायचा. हॉटेलातलं जेवण मुंबईत, कंपन्यांच्या वर्तुळात चालतं. तिथे आख्खं टेबल कंपनी विकत घेते. जिल्ह्याच्या गावी लोक जेवणापेक्षा गाण्याला आणि नाटकाला येतात.

आपल्याकडे याची परंपराही आहे. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी नट-गायक मुंबईत एका प्रयोगात एकत्र उभे राहिले आणि शंभर वर्षांनंतरही लोक त्याची आठवण काढतात. नाटक मंडळ्यांनी शाळांसाठी, पूरग्रस्तांसाठी मदतीचे प्रयोग केले. तुमच्या गावातले संगीत विद्यालय, हौशी कलाकार, एखादा ज्येष्ठ गायक हे विनामानधन किंवा प्रवासखर्चावर येतील, कारण काम त्यांना पटेल. पाच-सातशे खुर्च्यांचं सभागृह, दोन तासांचा गाण्यांचा कार्यक्रम, मध्यंतरात साधा अल्पोपाहार. एवढं पुरे.

तिकीट कमी ठेवा. संगीत-नाटकाच्या कार्यक्रमाला माणशी 500 रुपयांपर्यंतच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी नाही. त्यावर गेलात तर करपात्रता आणि संस्थेची उलाढाल यांचा प्रश्न येतो, म्हणून सीएला तिकीट छापण्याआधी विचारा. तिकिटाच्या पैशांतून कार्यक्रमाचा खर्च निघावा, इतकीच अपेक्षा धरा. खरी रक्कम तिकिटातून येत नाही. ती दोन ठिकाणांहून येते: स्मरणिकेच्या जाहिराती आणि कार्यक्रमाआधीच ठरलेल्या मोठ्या देणग्या. पडदा उघडायच्या वेळी तुमच्या उद्दिष्टातले निदान सत्तर टक्के लेखी कबूल झालेले असावेत. त्यासाठी सातपैकी पहिले चार महिने तुम्ही लोकांच्या घरी आणि ऑफिसात जाऊन बसलं पाहिजे. प्रत्येक भेटीला यादी न्या, जमलं तर त्या माणसाला आधी केंद्र दाखवून आणा. केंद्रात एक तास घालवलेला देणगीदार आणि फक्त पत्रक वाचलेला देणगीदार यांच्या धनादेशात फार फरक असतो.

कंपन्यांबद्दल एक गैरसमज सर्रास असतो. ‘सीएसआर’मधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामासाठीच्या निधीतून, कार्यक्रम प्रायोजित करा, असं पत्र पाठवलं की बहुतेक वेळा नकार येतो, आणि तो नियमाला धरून असतो. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे अशा एकवेळच्या कार्यक्रमांवरचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. आपल्या मालाची प्रसिद्धी व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्वही त्यात बसत नाही. पण केंद्राचा पुनर्वसन प्रकल्प बसतो. तेव्हा दोन पत्रं वेगळी करा. जाहिरात किंवा बॅनर हवा असेल त्यांना त्यांच्या मार्केटिंगच्या पैशातून मागा. सीएसआर विभागाला मात्र वर्षभराच्या प्रकल्पाचा प्रस्ताव द्या: किती माणसं, किती महिने, काय मोजणार. त्यासाठी केंद्र चालवणाऱ्या संस्थेची सीएसआर-1 नोंदणी (असा निधी घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) झालेली हवी. ती आहे का ते आजच विचारा.

पैसे कुणाच्या नावावर घ्यायचे हा प्रश्न पहिल्या बैठकीतच संपवा. तुमचं मित्रमंडळ नोंदणीकृत नसेल तर सार्वजनिक वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41क खाली परवानगीसाठी जावं लागतं, जसं गणेशोत्सव मंडळं जातात. त्यापेक्षा सरळ मार्ग असा की सगळे धनादेश आणि क्यूआर कोड केंद्राच्या ट्रस्टच्या खात्याचेच असावेत आणि पावत्या ट्रस्टनेच द्याव्यात. कुणाही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही येता कामा नये, मग तो माणूस कितीही सचोटीचा असो. 80जीची, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकराची, सवलत सांगताना पूर्ण सांगा. ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते, रोख 2000 रुपयांवरच्या देणगीला मिळत नाही, आणि देणगीदाराचा पॅन किंवा आधारसारखा ओळखक्रमांक नसेल तर प्रमाणपत्र निघत नाही. कार्यक्रम पाहायला घेतलेल्या तिकिटाचे पैसे म्हणजे देणगी नव्हे. तेव्हा तिकिटावर 80जी छापू नका. देणगीची पावती वेगळी फाडा.

नाशिकची बरीच मुलं अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडून मदत येईलच. तिथे एक गोष्ट सांभाळा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतो ती देणगी परदेशी धरली जात नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, त्याची देणगी परदेशी ठरते. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या त्या खास खात्यातच यावा लागतो. क्यूआर कोड व्हॉट्सअॅपवर फिरवण्याआधी ही सूचना त्याखाली लिहा.

बाकी परवानग्या रुटीन आहेत: पोलिसांची, नाट्यगृहाची, संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची, ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर हक्कधारकांची. नाट्यगृहाचा व्यवस्थापक हे सगळं सांगतो. लकी ड्रॉची कूपनं मात्र विकू नका. पैसे घेऊन सोडत काढली की ती लॉटरी होते आणि कायद्याच्या कचाट्यात सापडते.

आता जागेकडे येऊ, कारण इथे मी कुणाचंही ऐकत नाही. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे ते प्रेक्षागृहात, व्यासपीठावर आणि स्वच्छतागृहात स्वतःच्या चाकांवर जाऊ शकत नसतील तर ती जागा घेऊ नका. व्यवस्थापक ‘रॅम्प आहे’ म्हणेल. मोजपट्टी घेऊन जा. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. रंगमंच तीन फूट उंच असेल तर छत्तीस फूट, आणि मध्ये थांबायला सपाट जागा. बहुतेक ठिकाणी कडेने एवढी जागाच नसते. मग चार मुलांनी खुर्चीसकट उचलून वर ठेवायचं, असं ठरतं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि वर बसलेल्या माणसाची मान खाली जाते. त्यापेक्षा रंगमंचासमोर किंवा एखाद्या मोठ्या हॉलमध्ये एक फूट उंचीचा मंच उभारा. बारा फुटांच्या उतारात काम होतं, आणि सत्काराला माणूस आपल्या हातांनी चाकं फिरवत येतो. दारं किमान 900 मिलिमीटर रुंद आणि स्वच्छतागृहात खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ, ही मापं लिहून घ्या. व्हीलचेअरसाठी जागा सगळ्यात मागे कोपऱ्यात देऊ नका, आणि जायच्या-यायच्या वाटेतही नको, आग लागली तर ती वाट मोकळी हवी. पुढच्या आणि मधल्या रांगांतल्या काही खुर्च्या काढता येतात का ते विचारा. म्हणजे माणूस आपल्या घरच्यांच्या शेजारी बसेल.

स्वच्छतागृहाजवळ एक खोली वेगळी ठेवा. आडपडदा, एक खाट, बेसिन, हातमोजे, झाकणाची कचरापेटी. नळी घालायला आणि लघवीची पिशवी रिकामी करायला हीच जागा लागते. तुम्ही ती केली नाहीत तर तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही, पण कार्यक्रमाला यायचं म्हणून बरेच जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. निमंत्रणाबरोबरच कळवा की खोलीची सोय आहे, नेहमीसारखं पाणी प्या.

याच कारणाने वेळ पाळणं ही इथे शिष्टाचाराच्या पलीकडची गोष्ट आहे. केंद्रातून बस चारला निघाली, कार्यक्रम सहाला सुरू होऊन साडेआठला संपला, तर परत पोचेपर्यंत साडेनऊ-दहा. म्हणजे सहा तास झालेच. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले तर तो दीड तास समोर बसलेल्या माणसाच्या त्वचेवर आणि मूत्राशयावर जातो. निमंत्रण देतानाच पाहुण्यांना हे स्पष्ट सांगा, आणि ते आले नाहीत तरी सहाला पडदा उघडा. मी मोठमोठ्या लोकांना हे कारण सांगितलंय, कुणालाही राग आलेला नाही.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. मूत्राशय भरलं किंवा नळीला पीळ पडला की त्यांचा रक्तदाब एकाएकी चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी माणसाला आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, कपडे-पट्टे सैल करायचे, नळी आणि पिशवी तपासायची आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचं. सभागृहात केंद्राची एक परिचारिका आणि एक डॉक्टर ठेवा आणि स्वयंसेवकांना ही लक्षणं आधी सांगून ठेवा. यांच्यापैकी अनेकांच्या शरीराला तापमानही नीट सांभाळता येत नाही, एसीत ते गारठतात. सत्काराच्या शाली आणतानाच पंधरा-वीस जास्त आणा आणि त्या रांगेत वाटा.

स्वयंसेवकांचा वर्ग केंद्रात घ्या, थेरपिस्टकडून. खुर्चीला हात लावण्याआधी बसलेल्याला विचारायचं. पायरीवर उचलायची वेळ आलीच तर हात टेकायच्या दांड्याला धरायचं नाही, तो सुटून हातात येतो. मुख्य सांगाड्याला धरायचं. उतरताना तीव्र उतारावर खुर्चीची पाठ उताराकडे करून ती मागे-मागे न्यायची. बोलायचं ते बसलेल्याशी, त्याच्या मागे उभ्या असलेल्या नातेवाइकाशी नव्हे.

संयोजन समितीत निम्मे नाही तरी तिघे-चौघे स्वतः दुखापत झालेले हवेत, आणि निर्णय घेणाऱ्या जागांवर हवेत. तुमच्या मित्राला हिशेब कळतो, दुकान चालवतो, खजिनदार त्यालाच करा. या क्षेत्रातलं आपल्या देशातलं कितीतरी मोठं काम अशाच माणसांनी उभं केलंय. मेजर एच. पी. एस. अहलुवालिया 1965 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचले आणि त्याच वर्षीच्या युद्धात मणक्याला गोळी लागून कमरेखाली लुळे झाले. दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर त्यांनी उभारलं. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली. मुंबईत डॉ. केतना मेहता यांनी स्वतःच्या अपघातानंतर नीना फाउंडेशन काढलं. आणि सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले, 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक देऊन गेले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही नावं निवेदनात जरूर घ्या, पण समोर बसलेल्या प्रत्येकाने पदकच आणायला हवं असा सूर लागू देऊ नका. सकाळी स्वतः आंघोळ करून मुलीला शाळेत सोडणं हेही पुनर्वसनाचं पूर्ण यश आहे.

मंचावर दुःखाचं प्रदर्शन नको. अपघाताचे फोटो, रडणारी आई, मागे करुण संगीत, यातलं काहीही नको. त्या क्षणी पाकिटं उघडतात हे खरं आहे, पण तो माणूस उद्या त्याच गावात राहणार असतो आणि त्याच्याकडे लोक कायम त्या नजरेने पाहतात. एकाच माणसाला बोलू द्या, तयारी करून, चार-पाच मिनिटं, त्याच्या लेखी संमतीने, आणि काय सांगायचं नाही हे त्याने ठरवावं. एकदा रत्नागिरीकडचा, आंब्याच्या झाडावरून पडलेला एक जण आमच्या कार्यक्रमात बोलला. पडल्याबद्दल त्याने एकच वाक्य सांगितलं. उरलेला वेळ तो न्हाणीघराच्या दाराबद्दल बोलला: गवंड्याने चौकट कशी काढली, नवी कितीने रुंद केली, आणि त्यानंतर पहिल्यांदा कुणालाही हाक न मारता त्याने डोक्यावरून पाणी कसं घेतलं. मध्यंतरात लोक येऊन विचारत होते, ‘एका दाराला किती लागतात?’ त्या वर्षी घरांसाठी मागितलं होतं त्याहून जास्त जमलं.

मागायचं मध्यंतराच्या आधी, शेवटी नाही. शेवटी लोक चपला शोधत असतात. कार्डावर तुमच्या यादीतल्या पाच-सहा गोष्टी रकमेसह छापा, प्रत्येक खुर्चीवर कार्ड आणि पेन ठेवा. मंचावरून एका माणसाने तीन मिनिटांत यादी वाचावी, भरायला दोन मिनिटं शांतता द्यावी, आणि स्वयंसेवकांनी कार्डं तिथेच गोळा करावीत. राष्ट्रगीताच्या वेळी निवेदकाने ‘सर्वांनी उभं राहावं’ म्हणू नये. ‘राष्ट्रगीत सुरू होत आहे’ एवढं पुरतं. अध्यक्षांचं, पाहुण्यांचं आणि आभाराचं मिळून भाषण वीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

कार्यक्रमानंतरचा आठवडा थकव्याचा असतो आणि नेमका तोच महत्त्वाचा असतो. कबुलीची कार्डं थंड पडायला वेळ लागत नाही. आठ दिवसांत प्रत्येकाला फोन, पंधरा दिवसांत पावती. तीन महिन्यांनी एक पानी हिशेब पाठवा: किती उशा आल्या, कुणाकुणाचे किती महिने भरले ते नावं न घेता, किती दारं रुंद झाली, किती पैसे अजून शिल्लक आहेत आणि का. खर्च जास्त झाला असेल तर तोही लिहा. त्याच पत्रात विचारा की दरमहा ठराविक रक्कम बँकेतून परस्पर देता येईल का. नळ्या दर महिन्याला लागतात, त्यांना वर्षातून एकदा येणारा निधी पुरत नाही. शंभर लोकांनी दरमहा पाचशे दिले तर महिन्याला पन्नास हजार होतात, आणि केंद्र कुणाला तरी ‘आणखी महिनाभर राहा’ असं सांगू शकतं.

तारखेबद्दल. 5 सप्टेंबर हा जागतिक मज्जारज्जू दुखापत दिन आहे आणि त्या दिवशी कार्यक्रम करावा असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे तो शिक्षक दिन असतो आणि गणपतीच्या आगेमागे येतो. तेव्हा लोकही नसतात आणि वर्गणी देऊन झालेली असते. शिवाय पावसात ओल्या उतारावर चाकं घसरतात. डिसेंबर-जानेवारीतला शनिवार घ्या, लग्नाच्या तिथी बघून. 5 सप्टेंबरला फक्त केंद्र पाहायला लोकांना बोलवा, चहा द्या आणि यादी हातात ठेवा.

केंद्राची यादी आली की मला पाठवा, रकमेच्या पायऱ्या पाडायला मी मदत करेन. त्याआधी तिच्यावर ऑक्युपेशनल थेरपिस्टची आणि केंद्राच्या हिशेबनिसाची अशा दोन सह्या घ्या.